मेदाचे विष, मेदाचाच उतारा?

प्रतिजैविके दिली, जंतू मेलेही. तरी रुग्ण दगावला. असे का होते? सेप्सिसमध्ये जंतूंना आवरण्यासाठी उभा राहिलेला प्रतिकार हाताबाहेर जातो आणि आपल्याच अवयवांवर उलटतो. २०१७ साली जगात सेप्सिसमुळे सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू झाले, असा अंदाज आहे.

मेद म्हणजे वजन वाढवणारा पदार्थ, एवढेच मुलांच्या मनात असते. पण या गोष्टीत मेद पदोपदी भेटतो. ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाह्य आवरणात मेद व शर्करा यांचा संयुक्त रेणू असतो. त्याचा विषारी भाग मेदाचा. त्याला 'लिपिड ए' म्हणतात. जिवाणू मेला तरी आवरणाचे तुकडे उरतातच. ते आपल्या पेशीत शिरले, की कॅस्पेज नावाची विकरे (माणसात क्रमांक ४ व ५, उंदरात ११) त्यांना ओळखतात आणि गॅसडर्मिन-डी या प्रथिनाचे दोन तुकडे करतात. ही कडी २०१५ मध्ये उलगडली. यांपैकी एका प्रकारचे अनेक तुकडे पेशीपटलात कड्यासारखे जुळतात व पटलाला भोक पडते. पेशी फुगून फुटते. जंतूचा आसरा नाहीसा होतो, हा फायदाच. पण अशा असंख्य पेशी फुटल्या, तर आतील द्रव्ये सांडून सर्वत्र दाह पेटतो.

मेलेल्या पेशींतून सांडलेले काय काय करते? नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' संस्था आहे. तेथील डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने उंदरांना जिवाणूंचे हे विष टोचले. मेलेल्या पेशींतील क्रोमॅटिनचे कण निरोगी पेशींत शिरतात, त्यांच्या डीएनएला इजा करतात व दाह वाढवतात, असे त्यांना दिसले. हे कण निष्प्रभ केल्यावर हानी कमी झाली. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

खारघरला सांडलेले आवरले गेले. पेशी फुटूच न देणे हा दुसरा मार्ग, आणि तेथे मेद कामी येतो. तेल खवट होते तसे पेशीपटलातील फॉस्फोलिपिडांचेही ऑक्सिडीकरण होते. असे काही रेणू कॅस्पेजला चिकटून 'लिपिड ए'ची जागा अडवतात. २०१८ मधील प्रयोगांत त्यांनी भक्षकपेशींना व उंदरांना वाचवले. गंमत अशी, की २०१६ मध्ये याच रेणूंनी दुसऱ्या एका प्रकारच्या प्रतिकारपेशींत दाहाचे संदेश वाढवल्याचे आढळले होते. तेव्हा कोणत्या पेशीपर्यंत ते पोचवायचे, हा पेच आहे. सेप्सिसवरील औषध म्हणून ते अजून रुग्णालयात आलेले नाहीत. तोवर लवकर निदान, वेळेवर प्रतिजैविके आणि शिरेतून द्रव यांवरच भिस्त आहे.