नटांच्या बाई

दोस्तांनो, गॅदरिंगच्या नाटकात रडायचा प्रसंग आला की पंचाईत होते ना? आमच्या शाळेत एकदा एका मुलाला काही केल्या रडू येईना. मी म्हटलं, "तुझे आजोबा गेले तो दिवस आठव." तो रडला, पण इतका की त्याला आवरेना. तालीम थांबवावी लागली. माझं काय चुकलं, ते मला स्टेला अ‍ॅडलर यांची गोष्ट वाचल्यावर कळलं.

स्टेलाचा जन्म १९०१ सालचा, न्यूयॉर्कमधला. आईवडील यिद्दिश नाटकांतले नामवंत कलाकार. यिद्दिश म्हणजे युरोपातल्या ज्यू लोकांची एक भाषा. अगदी लहानपणीच स्टेला रंगमंचावर उभी राहिली. १९३१ मध्ये ती 'ग्रुप थिएटर' या नाट्यसंस्थेत गेली. तिथे ली स्ट्रासबर्ग शिकवत, की भूमिकेतली भावना आणायला स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग आठवा. स्टेलाला ते सोसेना. अभिनयातला आनंदच हरवला.

मग तिने काय केलं असेल? १९३४ साली पॅरिसमध्ये थेट रशियाच्या स्तानिस्लावस्कींनाच गाठलं! ही पद्धत मुळात त्यांचीच. त्यांच्याजवळ काही आठवडे शिकल्यावर उलगडा झाला. गुरुजी स्वतःच पुढे गेले होते! आता त्यांचा भर होता कल्पनाशक्तीवर आणि नाटकातल्या परिस्थितीवर. परतल्यावर स्टेलाने हे सर्वांना सांगितलं. स्ट्रासबर्गना ते पटलं नाही. दोघांचं बिनसलं ते कायमचं.

पुढे स्टेला शिकवू लागली. १९४९ मध्ये तिने न्यूयॉर्कला स्वतःची शाळा काढली. मार्लन ब्रँडो, रॉबर्ट डी नीरो हे तिचेच विद्यार्थी बरं का! एक किस्सा सांगतात. बाई वर्गाला म्हणाल्या, "तुम्ही कोंबड्या आहात, वरून अणुबॉम्ब पडतोय." सगळे ओरडत पळत सुटले. ब्रँडो मात्र शांत बसून अंडं घालत राहिला. कोंबडीला बॉम्ब काय ठाऊक!

२१ डिसेंबर १९९२ रोजी, ९१ व्या वर्षी बाई गेल्या.

पुढच्या गॅदरिंगला त्याच मुलाला मी विचारलं, "नाटकातलं हे घर कसं आहे? दारात कुणाच्या चपला आहेत? आज कुणाच्या नाहीत?" तो विचारात पडला. प्रयोगात त्याने नुसतं दाराकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण पुढच्या रांगेतल्या आज्या पदराने डोळे टिपत होत्या!

तुम्हीही करून पाहा. आणि शिकवलेलं पटलं नाही, तर स्टेलासारखं विचारा. अगदी तुमच्या बाईंनासुद्धा!