गोधडीवर नाव कुणाचं?

हॉस्टेलला येताना आईने बॅगेत कोंबलेली गोधडी मी पहिल्या वर्षी कपाटात तळाशी लपवून ठेवली होती. रूममेट्सकडे छान प्रिंटेड कम्फर्टर आणि माझ्याकडे लुगड्याच्या तुकड्यांची गोधडी, जरा ऑड वाटायचं. डिसेंबरात थंडी पडली, एकीने ती उचलून पांघरली, आणि मग वर्षभर मलाच मिळेना! एका रात्री तिने सहज विचारलं, ‘भारी आहे गं ही. कुणी शिवली?’

मला सांगता आलं नाही. घरी फोन केला तर आजी म्हणाली, ‘माझ्या सासूनं असंल, नाहीतर तिच्या जावेनं. गोधडीवर काय नाव घालतंय व्हय कुणी?’

नाव घालणारी एक बाई होती. ती आपल्याकडची नाही, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली. तिने नाव घातलं, म्हणून आज जगभरचे लोक तिचं डिझाइन समोर ठेवून शिवत बसतात. क्विल्टिंगच्या पॅटर्न बुक्सबद्दल वाचताना मला ती सापडली.

कोपऱ्यातली सही

क्विल्ट म्हणजे वर कापडाचे तुकडे जोडून केलेला थर, मध्ये कापूस किंवा तसंच काही आणि खाली अस्तर. तिन्ही थर टाके घालून एकत्र बांधायचे. गोधडीची लांबची बहीणच म्हणा ना. फरक एवढाच की तिकडे वरचा थर बहुतेकदा चौकोनी ‘ब्लॉक’मध्ये शिवतात. प्रत्येक ब्लॉकची आकृती ठरलेली असते आणि पॅटर्न बुकमध्ये या आकृत्या मापांसकट दिलेल्या असतात.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं त्या काळात, 1863 मध्ये, जेन स्टिकल नावाच्या बाईने एक क्विल्ट पूर्ण केली. 169 चौकोनी ब्लॉक, कडेने 52 त्रिकोण आणि 4 कोपरे, म्हणजे एकूण 225 वेगवेगळ्या आकृत्या. एका कोपऱ्यात तिने दोऱ्याने लिहून ठेवलं, की हे युद्धाच्या काळात केलं आहे. पुढे साल, तुकड्यांची संख्या 5602 आणि स्वतःचं नाव. बास! ना डायरी, ना आत्मचरित्र. पण किती तुकडे जोडले हे तिने मोजलं आणि मोजलेलं लिहून ठेवलं, यातच ती बाई कशी असेल हे थोडंफार कळतं.

ही क्विल्ट आता तिथल्या बेनिंग्टन म्युझियममध्ये आहे. कापड इतकं नाजूक झालंय की वर्षातले काही आठवडेच ती लोकांना बघायला मिळते. ब्रेंडा पापाडाकिस या क्विल्टिंग करणाऱ्या लेखिकेने तिच्यातली प्रत्येक आकृती कागदावर उतरवली आणि 1996 मध्ये ‘डिअर जेन’ हे पुस्तक काढलं. नाव असं का? कारण पुस्तकात पापाडाकिसने जेनला चक्क पत्रं लिहिली आहेत. एका बाईने दुसरीला लिहिलेली पत्रं, मध्ये सव्वाशेहून जास्त वर्षांचं अंतर.

‘कसं करायचं’ न सांगणारं पुस्तक

गंमत म्हणजे या पुस्तकात स्टेप बाय स्टेप सूचना जवळजवळ नाहीतच. खऱ्या मापाच्या रेखाकृती आहेत, आडव्या ओळींना इंग्रजी अक्षरं आणि उभ्यांना आकडे, अगदी एक्सेल शीटसारखं. बाकी तुम्ही बघून घ्या! कुणी हाताने जोडतं, कुणी मशीनवर, कुणी आकृती कागदावर छापून त्या कागदावरच कापड शिवतं आणि शेवटी कागद फाडून काढतं. ब्लॉक फक्त साडेचार इंचाचा, पण काही ब्लॉक्समध्ये चाळीसेक तुकडेही असतात.

पुस्तक एकच, पण त्यावरून झालेल्या क्विल्ट्स सगळ्या वेगळ्या. काही जण 1860 च्या काळातल्या छपाईसारखं कापड शोधतात, काही बाटिक वापरतात, काही सगळं दोनच रंगांत करतात. पूर्ण व्हायला अनेकांना काही वर्षं लागतात. या वेडाला बळी पडलेले स्वतःला ‘जेनियाक’ म्हणवून घेतात.

असं दुसरं पुस्तक म्हणजे लॉरी ॲरन हर्डचं ‘द फार्मर्स वाइफ सँपलर क्विल्ट’. शेतकरी बायकांसाठीच्या एका मासिकाने 1922 मध्ये वाचकांना विचारलं होतं, तुमच्या मुलीने शेतकऱ्याशी लग्न करावं असं तुम्हाला वाटतं का? त्याला आलेली पत्रं आणि 111 ब्लॉक्सचे पॅटर्न हर्डने 2009 मध्ये एकत्र छापले. म्हणजे ब्लॉक शिवता शिवता त्या बायकांचं म्हणणंही वाचायचं. (हा प्रश्न आज आपल्याकडे विचारला तर किती पत्रं येतील, कल्पना करा!)

पेपरातलं कात्रण

पुस्तकं महाग असायची तेव्हा हे काम वर्तमानपत्रं करायची. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या दैनिकाने 1928 ते 1961 या काळात हजाराहून जास्त क्विल्ट पॅटर्न छापले. बायका ते कापून वहीत चिकटवायच्या. पेपर रद्दीत गेला तरी कात्रण टिकायचं. (आमच्या पुरवणीचंही असं काही व्हावं, एवढीच इच्छा.)

या आकृत्यांची नावं तर एकेक कथाच आहेत. ‘लॉग केबिन’ म्हणजे ओंडक्यांचं घर. मधला चौकोन बहुतेकदा लाल, ती घरातली चूल असं मानतात. ‘फ्लाइंग गीज’ म्हणजे उडणाऱ्या हंसांची रांग, एकामागे एक त्रिकोण. ‘बेअर्स पॉ’ म्हणजे अस्वलाचा पंजा. आणि ‘ड्रंकर्ड्स पाथ’ म्हणजे पिऊन झिंगत घरी निघालेल्या माणसाची वाट. ती कशी नागमोडी असेल हे वेगळं सांगायला नकोच.

पुस्तक नसलं म्हणून काय?

सगळ्या क्विल्ट्स पुस्तकातूनच येतात असंही नाही. अमेरिकेतल्याच अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची छोटी वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान् पिढ्या शेतात वापरून विरलेले कपडे आणि जुन्या जीन्स वापरून क्विल्ट शिवत आल्या. आकृती डोक्यातली. कापड संपलं की डिझाइन वळण घेणार. 2002 मध्ये त्या क्विल्ट्स आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या, 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. आणि तिथे प्रत्येक क्विल्टसोबत ती शिवणारीचं नाव होतं.

आपली गोधडी या बाजूची. जुनी लुगडी, धोतरं, शर्ट एकावर एक अंथरायचे, वरून चांगले तुकडे लावायचे आणि कडेकडेने धावदोरा घालत आत यायचं. ठिगळ कुठे बसवायचं हे कापड ठरवतं. कुठल्याच आजीने याचं पुस्तक उघडलेलं नाही. तिने कुणाच्या तरी शेजारी बसून बघितलं, झालं. अडचण अशी की शेजारी बसणारं कुणी उरलं नाही, तर मागे काहीच राहत नाही. ना आकृती, ना नाव.

माझा ब्लॉक बोंबलला, पण…

नुसतं लिहून काय उपयोग, म्हणून मी करून बघितलं. सगळ्यात सोपा ‘नाइन पॅच’, म्हणजे नऊ चौकोन. जुना कुर्ता आणि फाटलेली चादर, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेलं माप, सुई, दोरा. खर्च शून्य.

गणित असं. दोन इंचांचे नऊ चौकोन कापायचे. शिवताना प्रत्येक कडेला पाव इंच कापड आत सोडायचं. ब्लॉक पाच इंचांचा होतो, आणि क्विल्टमध्ये जोडल्यावर साडेचार इंच दिसतो. माझा झाला पावणेपाच. पाव इंच गेलं कुठे? पट्टी घेऊन मोजलं तेव्हा कळलं, मी प्रत्येक कडेला जेमतेम एक-सोळांश इंच कापड जास्त आत घेत होते. दोन शिवणी, चार कडा, झालं पाव इंच. जेनच्या क्विल्टमध्ये एका ओळीत 13 ब्लॉक आहेत. म्हणजे माझ्या हाताने ती ओळ सव्वातीन इंचांनी आखूड झाली असती! 5602 तुकडे जोडून सगळे कोपरे जुळवणाऱ्या त्या बाईबद्दल तेव्हा खरा आदर वाटला. आणि आजीबद्दलही, कारण ती पट्टी न वापरता सरळ टाका घालते.

तुम्हीही करून बघा

दिवाळीत किंवा सुट्टीत घरी जाल तेव्हा एक वही घ्या. घरातल्या एका गोधडीचा उजेडात पूर्ण फोटो काढा, मग चारही कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचा. लांबी-रुंदी मोजा. तुकडे कसे बसवलेत त्याची कच्ची आकृती काढा. मग ती गोधडी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईच्या मांडीवर ठेवा आणि प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे कापड कुणाचं? सगळी उत्तरं तिच्याच शब्दांत लिहा. हेच तुमच्या घराचं पॅटर्न बुक. त्यातला एखादा भाग उशीच्या अभ्र्यावर किंवा लॅपटॉपच्या कव्हरवर उतरवता आला तर सोने पे सुहागा. आणि जे शिवाल त्याच्या कोपऱ्यात नाव आणि साल घालायला विसरू नका.

मी हे व्हिडिओ कॉलवर केलं. आधी आजी वैतागली, ‘तुला काही अभ्यास न्हाई का गं?’ मग मी कॅमेरा एका हिरव्या काठाजवळ नेला आणि ती गप्पच झाली. ‘ह्ये माझ्या लग्नातलं लुगडं,’ म्हणाली. तिथून सुरुवात झाली. खाकी तुकडा आजोबांच्या शाळेतल्या चड्डीचा. निळा ठिपक्यांचा आत्याच्या झबल्याचा. टाके बघून तिने ओळखलं, अर्धी गोधडी तिच्या सासूची आणि अर्धी तिच्या धाकट्या जावेची. ‘तिचा टाका बारीक असायचा.’

मी वहीत सासूचं, म्हणजे माझ्या पणजीचं नाव लिहिलं आणि विचारलं, ‘आणि त्या जावेचं नाव काय होतं?’

आजीने बराच वेळ विचार केला. ‘आम्ही सगळी तिला धाकटी काकीच म्हणायचो बघ.’

ती आता गावातल्या एका म्हाताऱ्या नातेवाइकांना विचारून सांगणार आहे. पणजीचं नाव मी लाल दोऱ्याने गोधडीच्या कोपऱ्यात घातलंय, अक्षरं वाकडीतिकडी आली आहेत. त्याच्या शेजारी तेवढीच जागा मोकळी सोडली आहे.