‘मानवी’ : परक्या देशातलं माहेर

न्यू जर्सीत राहायला येऊन मला आता वीस वर्षं होतील. एडिसनच्या ओक ट्री रोडवर गेलं, की साड्या, सोनं, मिठाई, सगळं मिळतं. मिळत नाही ते माहेर. घरात फारच झालं, तर चार दिवस जाऊन राहावं असं हक्काचं दार इथे नसतं. ही उणीव ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी ओळखली, त्या ‘मानवी’बद्दल आज सांगावंसं वाटतं.

१९८५ मध्ये सहा दक्षिण आशियाई बायकांनी न्यू जर्सीत ही संस्था सुरू केली. शमिता दास दासगुप्ता त्यांपैकी एक. दक्षिण आशियाई स्त्रियांवरच्या अत्याचाराविरुद्ध काम करणारी अमेरिकेतली ही पहिली संस्था मानली जाते. तेव्हा इथला भारतीय समाज म्हणजे बहुतेक डॉक्टर, इंजिनिअर. ‘आपल्यासारख्या शिकलेल्या घरांत असलं काही नसतं,’ हा समज पक्का. त्यामुळे मारहाणीबद्दल तोंड उघडणं म्हणजेच समाजाची बदनामी!

त्यातच १९८६ मध्ये खोट्या लग्नांना आळा घालणारा कायदा आला. नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी नुकतंच लग्न झालेल्या बाईला आधी दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळायचं. ते कायम करायला नवरा-बायकोनं मिळून अर्ज करायचा. नवऱ्यानं सही नाकारली, की तिचा इथला मुक्कामच धोक्यात. १९९० मध्ये अत्याचार सोसणाऱ्यांना या जोडअर्जातून सूट मिळू शकेल अशी सोय झाली. पुढे १९९४ च्या कायद्यानं नागरिकांच्या आणि ग्रीन कार्डधारकांच्या अशा बायकांना नवऱ्याच्या मदतीशिवाय ग्रीन कार्डासाठी अर्ज करायची वाट मोकळी केली.

पण कागदावरचा हक्क तिला तिच्या भाषेत कोण सांगणार? वकिलाकडे, कोर्टात सोबत कोण जाणार? तिथे अशा संस्था उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कमध्ये १९८९ मध्ये ‘सखी’ आणि कॅलिफोर्नियात १९९१ मध्ये ‘मैत्री’ सुरू झाली. १९९७ मध्ये ‘मानवी’नं ‘आशियाना’ हे निवासस्थान उघडलं. घर सोडून आलेल्या बाईला तिथे नुसतं छप्पर नाही, तर आपली भाषा, आपलं जेवण आणि ‘लोक काय म्हणतील’ ही भीती न सांगता समजणारी माणसं मिळाली. माहेर आणखी वेगळं काय असतं?

मायदेशी हे वाचणाऱ्या आईवडिलांना एक सांगते. मुलगी परदेशी निघाली, की लोणची-पापडांबरोबर तिच्या पासपोर्टाच्या, व्हिसाच्या आणि लग्नाच्या दाखल्याच्या प्रती करा. एक संच तिच्याजवळ, एक तुमच्याजवळ. ती जिथे जातेय, तिथल्या अशा संस्थेचा नंबरही शोधून ठेवा. आणि फोनवर ती गप्प गप्प वाटली, तर ‘सांभाळून घे’ म्हणायच्या आधी एकदा विचारा, ‘बाळा, तू बरी आहेस ना?’