गटाचा कोणता नियम धरायचा, कोणता बदलायचा?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या बचत गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं, “आमच्या गटाचा नियमच आहे तसा.” नियम हवेतच. पण कोणता घट्ट धरायचा आणि कोणता वेळ पाहून बदलायचा, हे ओळखावं लागतं.

आधी आमचीच चूक सांगतो. आमच्या गटात कर्जाचा हप्ता दरमहा भरायचा, असा नियम होता. एका ताईंनी कांदा लागवडीसाठी ६,००० रुपये मागितले. “व्याज दर महिन्याला देते, मुद्दल कांदा विकल्यावर देते,” असं त्या म्हणाल्या. आम्ही नियमावर बोट ठेवलं. त्यांनी सावकाराकडून शेकडा पाचने पैसे उचलले. गटाची पेटी भरलेली आणि आपलीच बाई दुसऱ्याच्या दारात!

हिशोब करून पाहा. आमचं व्याज महिन्याला शेकडा दोन, म्हणजे ६,००० वर १२० रुपये. सावकाराचं ३००. कांदा निघेपर्यंत चार महिने धरले, तर ४८० च्या जागी १,२०० रुपये गेले. आणि ते ४८० गटातच राहिले असते.

मग धरायचं काय? पंचसूत्री. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब लेखन. महाराष्ट्रात २०११ पासून सुरू असलेल्या उमेद अभियानातही गटाचा पाया हाच आहे. बँकही कर्ज देताना हेच तपासते. इथे ढिलाई नको.

बदलायचं काय? पहिली गोष्ट, बैठकीची वेळ. खुरपणीच्या, काढणीच्या दिवसांत दुपारची बैठक ठेवली, तर मजुरीला जाणारी बाई येणार कशी? तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर बसा. दुसरी, हप्ता. दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो, मजुरी आठवड्याला मिळते, पिकाचा पैसा हंगामाला येतो. पैसा जसा येतो, तसा हप्ता बांधा. परतफेड नियमित म्हणजे ठरलेल्या तारखेला. ती तारीख सगळ्यांना एकच हवी, असं नाही. तिसरी, काम. वही एकाच बाईच्या हाती नको. ती आजारी पडली की गट थांबतो. निदान तिघींना हिशोब लिहिता आला पाहिजे.

“कांद्याचा भाव पडला तर?” हा प्रश्न आमच्याही बैठकीत आला, आणि तो रास्त होता. म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. व्याज दरमहा भरायचंच. दोघी जामीन राहायच्या. आणि हंगामी कर्जात गटाच्या एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा अडकवायचा नाही.

नियम तोंडी मात्र बदलू नका. बैठकीत ठराव करा, इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. जमलं तर ठेवा, नाही तर सोडा. आणि एकीला सवलत दिली, तर तशीच अडचण असलेल्या दुसरीलाही ती मिळाली पाहिजे.

त्या ताईंनी पुढच्या लागवडीला अर्ज गटाकडेच दिला. पुढच्या बैठकीत तुमचीही नियमांची वही काढा. एकेक नियम वाचा आणि विचारा, हा गटाचा पैसा राखतो, की नुसती सवय आहे?