जिम्नी उचलली, आता स्टिअरिंगकडे बघा

जिम्नीला दोन इंची लिफ्ट बसवली की बरेच जण थेट मोठे टायर बघायला जातात. थांबा! आधी गाडीखाली डोकं घाला.

जिम्नीचा पुढचा एक्सल अखंड आहे. त्याला आडवा धरून ठेवतो पॅनहार्ड रॉड, आणि स्टिअरिंगचा हुकूम चाकांपर्यंत नेते ड्रॅग लिंक. कंपनीने हे दोन्ही जवळजवळ समांतर ठेवलेत, म्हणून खड्ड्यात चाक वरखाली झालं तरी गाडी सरळ धावते. लिफ्टमुळे दोन्हींचा उतार वाढतो. पॅनहार्ड रॉड एक्सलला एका बाजूला ओढतो, स्टिअरिंग व्हील तिरकं दिसायला लागतं. लांबी जुळवता येणारा पॅनहार्ड रॉड घ्या, मग ड्रॅग लिंक जुळवून व्हील मध्यावर आणा. क्रम हाच. पण ब्रॅकेट लावून एकाचाच कोन बदलू नका. समांतरपणा गेला की प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देणार.

लिफ्टमुळे कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या आसाचा मागे झुकलेला कोन, हाही कमी होतो. वळणानंतर व्हील आपसूक परत येत नसेल तर कॅस्टर करेक्शन बुश हवेतच.

आणि स्टिअरिंग थरथरतंय म्हणून जाडजूड डँपर? माझ्या मते पैसे वाया. थरथर दबते, कारण तसंच राहतं. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, मित्राला व्हील हलकेच डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही एकेका बॉल जॉइंटवर बोटं ठेवा. सैल जॉइंट बोटांना बारीक ‘टक्’ देतो. पॅनहार्डचे बुशही असेच तपासा.

बदल करण्याआधी मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 वाचा आणि आरटीओत विचारा. काम झालं की अलाइनमेंट त्याच दिवशी.