एक हजार फुटांचे अंतर

आकाश अथांग असले, तरी विमानांच्या वाटा अरुंद असतात. मोठ्या विमानतळाच्या परिसरात चढणारी व उतरणारी विमाने परस्परांपासून दूर राखण्याचे काम बव्हंशी एका आकड्यावर अवलंबून असते. तो आकडा म्हणजे नियंत्रकाने नेमून दिलेली उंची. तो पाळला गेला नाही तर काय घडते, याचा दारुण प्रत्यय १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात आला.

त्या सायंकाळी दिल्लीहून निघालेल्या सौदी अरेबियाच्या बोइंग ७४७ विमानाला १४,००० फुटांची, तर दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिन विमानाला १५,००० फुटांची मर्यादा घालून दिलेली होती. समोरासमोर येणारी ही विमाने एक हजार फुटांच्या अंतराने एकमेकांना ओलांडून जावयाची होती. कझाक विमानाने १५,००० फुटांवर आल्याचे कळविले. परंतु ते तेथे थांबले नाही, उतरतच राहिले. टक्कर होऊन दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. हवेतील टकरीत एवढी प्राणहानी त्यापूर्वी झाली नव्हती व नंतरही झालेली नाही.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने कझाक वैमानिकांना दोषी धरले, ते रास्तच होते. परंतु दोषी सापडला म्हणजे दोषाचे मूळ सापडले, असे नव्हे. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम रेडिओ ऑपरेटरकडे होते, पण त्याच्यासमोर स्वतंत्र उंचीमापक नव्हता. आदेश ऐकणारा एक आणि विमान चालविणारा दुसरा. इंग्रजीचे ज्ञानही तोकडे. इकडे दिल्लीच्या तत्कालीन रडारवर विमानाची दिशा व अंतर दिसे, उंची दिसत नसे; वैमानिक सांगेल ती उंची नियंत्रकाने खरी मानावयाची. शिवाय येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांना मार्गही एकच होता.

आदेश ऐकल्यावर वैमानिकाने तो उच्चारून दाखवावा आणि नियंत्रकाने तो पडताळावा, असा नियम आहे. हा उपचार पोकळ ठरला तर काय होते, हे १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ दिसले. एका मालवाहू विमानाला नियंत्रकाने २,४०० फुटांवर उतरण्यास सांगितले, परंतु ठरलेल्या शब्दरचनेऐवजी ‘टू फोर झिरो झिरो’ असे सुटे अंक उच्चारले. इंग्रजीत ‘दोन’ आणि ‘पर्यंत’ या दोहोंचा उच्चार ‘टू’. वैमानिकांनी ‘४०० पर्यंत’ असा अर्थ घेतला व ‘फोर झिरो झिरो’ असे उलट कळविलेही. ती चूक नियंत्रकाच्या कानावरून गेली, पण दुरुस्त झाली नाही. विमान डोंगरावर आदळले व चौघेही कर्मचारी मरण पावले.

चरखी दादरीनंतर भारतात विमानांवर टक्करसूचक यंत्रणा सक्तीची झाली. दिल्लीत उंची दाखविणारे रडार आले, येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले. हे सारे आवश्यकच होते. मात्र त्यासाठी मोजावी लागलेली किंमत भयंकर होती. आणि यंत्र कितीही सूक्ष्म असले, तरी ते अखेरचा बांध आहे. पहिला बांध माणसाच्या कानाशी व जिभेशीच घालावा लागतो. विद्यार्थ्याने धडा घडाघडा म्हणून दाखविला म्हणजे त्याला तो कळला, असे कोणताही जाणता शिक्षक मानीत नाही. आकाशातही उच्चारलेला आकडा आणि उंचीमापकावरचा आकडा एकच आहे ना, हे कुणीतरी प्रत्येक वेळी पाहिलेच पाहिजे. एक हजार फुटांचे अंतर राखले जाते ते या जागरूकतेने.