रक्तातला दाह आणि हृदयाचा धोका : रिपोर्टातली एक ओळ

आज चौसाळ्यात आम्ही बोलणार आहोत ते लॅबच्या रिपोर्टातल्या एका ओळीबद्दल. तिचं नाव 'एचएस-सीआरपी'. तपासणीच्या पॅकेजमध्ये हल्ली ती बऱ्याचदा असते. आकड्यासमोर 'हाय' छापून आलं की माणूस घाबरतो, 'नॉर्मल' आलं की निर्धास्त होतो. दोन्ही वेळा फसगत होऊ शकते. कशी, ते पाहू.

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. याला दाह म्हणतात. शरीरात कुठेही दाह झाला की यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन नावाचं प्रथिन रक्तात जास्त सोडतं. तेच सीआरपी. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळलं. म्हणजे आधी ही खूण जंतुसंसर्गाची म्हणून माहीत झाली. हृदयाशी तिचं नातं बऱ्याच नंतर लक्षात आलं.

ते नातं काय? रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचतं. ते गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि भिंतीत मंद दाह सुरू होतो. राखेखाली निखारा असावा तसा तो वर्षानुवर्षं धुमसतो. एखाद्या दिवशी त्या थराचं पातळ झालेलं आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी होते, आणि अ‍ॅटॅक येतो. हा मंद दाह साध्या सीआरपीत नीट कळत नाही. त्यासाठी बारीक फरक मोजणारी 'एचएस' तपासणी लागते.

हे नुसतं अनुमान नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'कँटॉस' अभ्यासात आधी अ‍ॅटॅक येऊन गेलेले दहा हजारांवर रुग्ण होते. कोलेस्टेरॉल कमी न करता फक्त दाह कमी करणारं औषध दिलं, तर एका मात्रेत अ‍ॅटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. म्हणून ते औषध सरसकट कुणी देत नाही.

आता आकडे. एक लिटर रक्तद्रवात १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. आणि १० च्या वर गेला तर? तर आधी हृदयाचा विचार करू नका. ताप, जखम, संसर्ग शोधा. रिपोर्टात एककही बघा. काही ठिकाणी डेसिलिटरमध्ये लिहितात. तिथला १ म्हणजे इथले १०.

समजा, आपल्या भागातला एखादा ऊसतोड कामगार हंगाम संपवून गावी आलाय. हाताला कोयत्याची जखम, ती चिघळलेली. त्याचं सीआरपी वाढणारच! मिश्रीनं हिरड्या सुजलेल्या बाईचंही वाढू शकतं. धूर दिसतो, पण तो चुलीचा की कडब्याच्या गंजीचा, हे धुरावरून कळत नाही. अशा वेळी हृदयाच्या महागड्या तपासण्यांसाठी उचल घेऊ नका. आधी जखम, दात, ताप बरा होऊ द्या. दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा.

मग ही तपासणी कुणी करावी? ज्याचा धोका धड कमीही नाही, धड जास्तही नाही, आणि औषध सुरू करावं की नाही असा डॉक्टरांनाच प्रश्न आहे, त्याला तिचा उपयोग. ज्याला अ‍ॅटॅक येऊन गेलाय, त्याचे मूळ उपचार या आकड्यासाठी थांबत नाहीत. बाकीच्यांनी आधी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासावं आणि तंबाखू, बिडी सोडावी. बीपी मोजायला तर रक्तही काढावं लागत नाही.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. छातीत दाब वाटतोय, घाम सुटलाय, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जातेय, तर 'गेल्या महिन्यात सीआरपी नॉर्मल होतं' म्हणून घरी थांबू नका. ही तपासणी पुढच्या काही वर्षांचा अंदाज सांगते, आत्ताचा अ‍ॅटॅक नाही. त्यासाठी ईसीजी आणि ट्रोपोनिन लागतं. १०८ ला फोन करा, बीडकडे निघा. 'गॅस झाला असेल' म्हणत सकाळची वाट बघू नका. एवढं लक्षात राहिलं तरी आमचं आजचं बोलणं कामी आलं.